‘क्यूआरएक्स’ म्हणजे जरा थांबा

मैत्रिणींनो, ‘नेट’ म्हटलं की तुमची मुलं-नातवंडं इंटरनेट समजतील. मी सांगते आहे ते नेट निराळं, आणि त्याच्याही आधीपासूनचं. हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळं जग ‘हॅम’ म्हणतं, ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर जमतात आणि एकामागून एक बोलतात. या जमण्याला नेट म्हणायचं. जमतात म्हणजे काय, तर आपापल्या घरी यंत्रापुढे बसलेले असतात. कुणी मिरजेत, कुणी नागपुरात, कुणी थेट हैदराबादेत. मध्ये ना तार, ना मोबाईलचा मनोरा. एका घराच्या गच्चीवरून निघालेली लहर वर आकाशात जाऊन परतते ती दुसऱ्या घराच्या गच्चीवर.

आमच्या गच्चीवरही अशी वीस मीटर लांबीची तार आहे, जिन्याच्या टाकीपासून शेजारच्या आंब्यापर्यंत. नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात हमखास कुणीतरी विचारतं, “वहिनी, एवढ्या उंचावर कपडे कसे हो वाळत घालता?”

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना हे खूळ कशाला? प्रश्न रास्त आहे. माझ्या सासूबाईंनी तो मोबाईल यायच्या आधीच विचारला होता. त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी आपली यंत्रं आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे गेली होती. पेपरात ते वाचून आमच्या ह्यांनी हॅमचं मनावर घेतलं आणि ह्यांचा अभ्यास ऐकता ऐकता मी. आपल्याकडे परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्या काळी मला हव्या त्या वर्गासाठी मोर्सची परीक्षाही होती, मिनिटाला पाच शब्दांची. पोळ्या लाटताना मी ‘डिट डा, डा डिट डिट डिट’ म्हणत असे. धाकटी नणंद माहेरपणाला आली होती. तिने घाबरून ह्यांना हळूच विचारलं, “वहिनीला बरं नाहीये का?”

१९९६ साली माझा परवाना आला. परवान्याबरोबर एक खूणनाव मिळतं, ‘कॉलसाइन’. हवेत तेच तुमचं नाव, तेच आडनाव. या जगाची भाषाही मोठी गमतीची आहे. पुरुष सोळाचा असो की साठीचा, तो ‘ओल्ड मॅन’. परवानाधारक बाई कितीही वयाची असो, ती ‘यंग लेडी’. मला सहासष्ट पूर्ण झाली तरी हवेत मी तरुणीच. आणि हॅमच्या बायकोला काय म्हणतात? ‘एक्स-वायएल’, म्हणजे माजी तरुणी! हा शब्द कुणा पुरुषानेच काढला असणार, हे सांगायला नकोच. अमेरिकेतल्या बायकांनी १९३९ साली आपली वेगळी ‘यंग लेडीज रेडिओ लीग’ काढली, ती काही उगाच नाही.

आता नेटकडे येते. नेट म्हणजे पंगत समजा. पंगतीत एक यजमानीण उभी असते. कुणाला काय हवं, कोण उपाशी राहिलं, कोण मागे सरकून बसलंय, सगळीकडे तिचं लक्ष. नेटमध्ये तिला ‘नेट कंट्रोल’ म्हणतात. ती वेळेवर लहर उघडते, आधी विचारते की कुणाकडे तातडीचा निरोप आहे का. मग एकेकाची हजेरी घेते, कॉलसाइन वहीत उतरवते, कोण किती स्पष्ट येतंय ते सांगते, आणि मग क्रमाने प्रत्येकाला बोलायची पाळी देते. सगळं आटोपलं की आभार मानून लहर मोकळी करते. आमचं नेट रोज सकाळी साडेसातला भरतं. २००८ साली आधीच्या कंट्रोलना ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून अकरा वर्षं, रविवार नाही, दिवाळी नाही, रोज ते माझ्याकडे होतं.

सकाळचे साडेसात म्हणजे कोणती वेळ, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या पंगतीचे शिष्टाचार जरा खुलासेवार सांगते. कारण माझा सगळा शीण त्यांच्याशीच बांधलेला आहे. टेलिफोनवर दोघं एकदम बोलली तरी निदान कळतं. इथे बोलायचं बटण दाबलं की तुमचे कान बंद. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर दोघांनाही वाटतं, आपण छान बोललो. ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती खिचडी. म्हणून पहिला नियम असा, की आधी ऐका. दुसरा, एकाचं संपलं की लगेच बटण दाबू नका, दोन-तीन सेकंद मोकळी सोडा. त्या दोन-तीन सेकंदांचं मोल फार मोठं आहे. कुणाला संकटाचा निरोप द्यायचा असेल तर तो त्याच फटीतून ‘ब्रेक’ म्हणून आत येतो. फट बुजवली की त्याचं दारच बंद.

हे सगळ्यांना पाठ असतं. पाळायचं म्हटलं की मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक गृहस्थ होते, माणूस सोन्यासारखा; पण बटण दाबलं की अंगाऱ्या-धुपाऱ्यासहित सगळं सांगायचे. नवी बॅटरी कुठून आणली, दुकानदार काय म्हणाला, त्याला हे काय म्हणाले. नऊ मिनिटं! मागे चौदा जण ताटकळलेले, त्यातल्या तिघांना कचेरी गाठायची. तोडून बोलावं तर वयाचा मान. दुसरे एक हजेरी लावून न सांगता निघून जात. मी आपली त्यांची पाळी आली की दोनदा, तीनदा हाक मारतेय, उत्तर नाही. पंगतीत पान मांडून ठेवून माणूस उठून गेला तर कसं वाटेल? कुणी नेट चालू असतानाच आपलं यंत्र जुळवायला बसे. मग सगळ्यांच्या कानात लांबलचक शिट्टी. कुणी माझ्यावर परीक्षक नेमल्यासारखा रोज एक चूक काढी. आणि अधूनमधून एखादा अनोळखी टवाळ मध्येच घुसून गाणी लावायचा. त्याच्यावर उपाय एकच, त्याची दखलच घ्यायची नाही. ‘कोण आहे रे तो?’ असं कुणी रागाने विचारलं की त्याचा सण साजरा झाला. माहेरी आमची आजी भांडखोर शेजारणीच्या बाबतीत हेच सांगायची, तिला रेडिओ ठाऊक नव्हता तरी.

यातलं काहीही एकेकटं घेतलंत तर क्षुल्लक आहे. पण रोज साडेसातला हे सगळं गोडीनं, आवाज न चढवता सांभाळायचं. हवेत तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही, सगळं काम आवाजावर. कपाळाला आठ्या असल्या तरी आवाजाला पडता कामा नयेत. स्वयंपाकघरात सून मिक्सर लावी, तो लागला की माझ्या यंत्रात नुसती खरखर. मग चटणी नेटच्या आधी, म्हणजे सहाला. भाजी, डबे त्याच्याही आधी. सुनेनं कधी तक्रार केली नाही, पण घराचं घड्याळ माझ्या यंत्राला बांधलं गेलं होतं.

मग सोडलं का नाही? याचं उत्तर म्हणजे कोकणातले एक निवृत्त मास्तर.

२०१९ साली ते एक्याऐंशीचे होते. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी, घर गावाबाहेर वाडीत. रोजच्या हजेरीत त्यांचा आवाज शेवटून दुसरा. बोलायचे फक्त तीन वाक्यं. पाऊस किती, वारा कसा, आणि ‘बाकी सर्व कुशल’. एकदा, २०१४ च्या पावसाळ्यात, लागोपाठ दोन दिवस त्यांची हजेरी नाही. वीज चमकत असली की आम्ही तार यंत्रापासून काढून ठेवतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तेच असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या एका हॅमला मी सांगितलं, जरा जाऊन या. मास्तर तापाने फणफणलेले, दोन दिवस पोटात अन्न नाही. त्यांना दवाखान्यात नेलं आणि ते बरे झाले. तेव्हापासून त्यांच्या नावासमोरची बरोबरची खूण करताना माझा हात जरा जास्त दाबला जाई.

आणि या हजेरीतली अडचण अशी की थंडीत, सकाळच्या वेळी, मला मास्तर ऐकूच यायचे नाहीत. मिरजेपासून कोकण ते किती लांब! पण लहर वर जाऊन परतते ती सूर्याच्या जोरावर. सूर्य पुरता वर आला नसला की जवळच्या गावावर ती उतरतच नाही, डोक्यावरून लांब निघून जाते. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. डाग कमी झाले की हा त्रास वाढतो, आणि २०१९ हे अगदी तळाचं वर्ष. मग मास्तरांना हैदराबादचे एक गृहस्थ ऐकायचे आणि मला सांगायचे, “मास्तर आहेत, कुशल म्हणतात.” जवळच्याची खुशाली लांबच्याकडून कळावी, हे आपल्या नात्यागोत्यातही काही नवीन नाही.

तर असं हे होतं. एका पारड्यात मास्तर, दुसऱ्या पारड्यात माझा शीण.

शीण म्हणजे कंटाळा नव्हे, हे मुद्दाम सांगते. कंटाळा दोन दिवस बहिणीकडे जाऊन आलं की जातो. हा जाईना. रात्री झोप लागे, पण पहाटे चारला डोळा उघडे आणि साडेसातचीच धास्ती. कॉलसाइन लिहिताना हात जड व्हायचा. एखादा नवा मुलगा परीक्षा पास होऊन पहिल्यांदा घाबरत घाबरत बोलला, की पूर्वी मला कोण आनंद व्हायचा! आता वाटे, आणखी एक नाव वाढलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या बॅटरीवाल्या सोन्यासारख्या माणसाचा आवाज ऐकला की छातीत धडधडायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुलीचं बाळंतपण होतं. बारा दिवस नेट दुसऱ्याने कसंबसं चालवलं, चार दिवस भरलंच नाही. परत आल्यावर पहिल्या सकाळी बाळ कसं आहे हे विचारणारे दोन, आणि चार दिवस नेट का नव्हतं हे विचारणारे सहा.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लेख लिहिला आणि हा शब्द रूढ झाला. तो न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करी. तिथे आपखुशीने सेवा करायला आलेली चांगली चांगली माणसं हळूहळू विझत जाताना त्याने पाहिली. लक्षात घ्या, पगारासाठी राबणारी नव्हेत, हौसेने आलेली. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत त्याची व्याख्या दिली. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून धड काही होत नाही असं वाटणं. पण पुढे असंही लिहिलं आहे, की ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच, आयुष्याच्या इतर भागांना लावू नये. वाचून मला हसू आलं. म्हणजे चाळीस वर्षं घर चालवणारीला शीण येऊ शकतो, पण तो यादीतला नव्हे!

ह्यांच्याशी बोलले. ह्यांचा स्वभाव मोजकं बोलण्याचा. म्हणाले, “तू कंट्रोल आहेस. पण नेट तुझं आहे का?” मी म्हटलं, “मग कुणाचं?” त्यावर म्हणाले, “त्यांना विचार की.”

आमच्या भाषेत ‘क्यूआरएक्स’ असा एक संकेत आहे. त्याचा अर्थ, जरा थांबा, मी पुन्हा बोलवीन. ‘क्यूआरटी’ म्हणजे बंद करते. त्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी हजेरी झाल्यावर मी सांगितलं, की एक सप्टेंबरपासून मी क्यूआरएक्स आहे, क्यूआरटी नव्हे. आठवड्यातला एक दिवस माझा, बुधवार. बाकीचे सहा दिवस सहा जणांनी वाटून घ्यावेत. कुणीच घेतला नाही तो दिवस नेट भरणार नाही, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावायचा नाही. एवढं बोलून मी बटण सोडलं.

हवेत शांतता म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दोन-तीन सेकंद नव्हे, चांगला अर्धा मिनिट गेला असेल. मग परीक्षक महाशय बोलले. बाईमाणसाला झेपणार नाही असं त्यांना पहिल्यापासूनच वाटत होतं म्हणे. अकरा वर्षांनी! मी उत्तर दिलं नाही. आजीचा नियम. उत्तर दिलं ते त्या बॅटरीवाल्या गृहस्थांनी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका वाक्यात. ते म्हणाले, “शनिवार माझा लिहा.”

खरं सांगते, शनिवार त्यांच्याकडे म्हणजे नेट दुपारपर्यंत चालणार असं मी धरून चालले होते. पण यजमानीण झाल्यावर माणूस बदलतो. तिसऱ्या शनिवारी ते दुसऱ्या एकाला सांगताना मी ऐकलं, “ओल्ड मॅन, थोडक्यात आटपा, मागे मंडळी आहेत.” बाकीचे दिवस एकेक करून घेतले गेले. मंगळवार रिकामाच राहिला, तो अजूनही रिकामा आहे. गुरुवार घेतला सोलापूरच्या एका मुलीने. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, परवाना मिळून जेमतेम वर्ष झालेलं. तिची मला काळजी होती, कारण थंडी जवळ आली होती आणि मास्तर.

मी तिला फोन करून हैदराबादचा मार्ग सांगितला, मास्तरांच्या शेजाऱ्यांचा नंबर दिला. मंगळवारी सुट्टी असते हे मास्तरांना स्वतः सांगितलं. ते म्हणाले, “बाई, मी चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. रविवारी घेत नव्हतो.”

पुढे डिसेंबरमध्ये एका गुरुवारी मी गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. यंत्र खाली चालू होतं, ह्यांनी लावलेलं. मास्तरांना हाक गेली. उत्तर नाही. हैदराबादकडे विचारणा. त्यांनाही ऐकू येईना. मी पायरीवर तशीच उभी राहिले, हातात तांब्या. खाली जाऊन बटण दाबावं की नाही? तेवढ्यात तिचा आवाज आला, अगदी शांत. “सर्व स्टेशन्स क्यूआरएक्स, मी शेजारी फोन करते आहे.” पंधरा-सोळा स्टेशनं, एकानेही बटण दाबलं नाही. चार मिनिटांनी ती परत आली. वाडीतली लाइट रात्रीपासून गेलेली, मास्तरांची बॅटरी उतरलेली, आणि मास्तर पडवीत बसून चहा पीत होते. मी उरलेलं पाणी जास्वंदीला घातलं.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. घरात अडकलेली माणसं नेटवर येऊ लागली आणि हजेरी एरवीपेक्षा बरीच वाढली. अकरा वर्षं जशी चालवली तशी ती मला एकटीला त्या दिवसांत निभावली नसती, कारण घरात ह्यांना ताप होता. माझे दोन बुधवार त्या सोलापूरच्या मुलीने घेतले, आणि त्याबद्दल मला एक शब्द विचारला गेला नाही, ह्यांची तब्येत सोडून.

मोबाईल असताना कशाला, या प्रश्नाचा उरलेला भाग राहिलाच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या आपल्या एक हॅम काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, जगभरच्या हॅमशी अंदमानातून बोलायला. निव्वळ हौस. २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि तीच यंत्रं निरोप पोचवायला लावली. बेटांवरची माणसं कुशल आहेत की नाहीत, एवढंच मुख्यभूमीवरच्या किती घरांना हवं होतं! रोजच्या नेटमध्ये आम्ही ‘पाऊस किती, वारा कसा’ विचारत बसतो, तो त्या दिवसाचा सराव असतो. सराव रोज हवा. एकाच माणसाने रोज करायला हवा असं मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, मी दोनदा तपासलं.

तुमच्यापैकी कुणाला, किंवा मुलानातवंडांपैकी कुणाला, हे करून पाहावंसं वाटलं तर परीक्षेला बसायला वय बारा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. सुरुवातीच्या वर्गाला मोर्सही लागत नाही. परवाना हाती येईपर्यंत नुसतं ऐका, शक्य असेल तर जवळच्या एखाद्या हॅमकडे बसून. मग बुधवारी सकाळी साडेसातला या. दोघांच्या मधल्या फटीत फक्त कॉलसाइन सांगा, सावकाश, आणि बटण सोडा. वहीत बायकांची नावं अजून चारच आहेत. मंगळवारही मोकळा आहे.